शेतातली खोली : दोन चोऱ्या, एक प्रयत्न आणि मधलं सगळं काम

खोलीचं वर्णन आधी करतो, म्हणजे पुढचं कळेल. १२ बाय १८ फूट, अँगलचा सांगाडा, खाली दोन फूट विटांचं जोतं, त्यावर चारी बाजूंनी आणि छताला नालीदार पत्रा. एक लोखंडी दार, बाहेर उघडणारं. एक लहान खिडकी, तिला जाळी. वीज नाही. आमचं घर तिथून दीड किलोमीटर. सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे शेजारच्या काकांचं घर, ३०० मीटरवर. आत औजारं, केबल, डिझेल, यंत्रं. ज्यांची खोली अशीच असेल त्यांना या नोंदींचा उपयोग व्हावा.

४ सप्टेंबर

सकाळी ७ ला गेलो. कुलूप जागच्या जागी. चावी काढली, उघडलं, दार ओढलं, आणि समोरच्या भिंतीतून शेत दिसलं.

मागचा एक पत्रा खालच्या कोपऱ्यापासून वहीच्या पानासारखा दुमडलेला. गेलेलं सामान: फवारणी पंप, गवत कापायचं यंत्र, ग्राइंडर, पान्यांचा संच, ४० मीटर तांब्याची केबल आणि २० लिटर डिझेलचा कॅन, कॅनसकट.

इथे पहिली चूक झाली. डोकं इतकं फिरलं होतं की मी आधी पसारा आवरायला घेतला. जमिनीवरच्या धुळीत पावलं होती, ती झाडली. पत्रा पायाने दाबून सरळ केला. मग पोलिसांत गेलो. त्यांनी विचारलं, यंत्राचा नंबर? माहीत नाही. बिल? सापडत नाही. फोटो? एक आहे, त्यात माझा भाचा यंत्रासमोर उभा आहे आणि यंत्र अर्धं दिसतंय. तक्रार नोंदवली, पण शोधायचं काय, हे मलाच सांगता येत नव्हतं.

दुपारी परत येऊन मोजमाप केलं. पत्र्याचे पाच स्क्रू खाली गवतात पडलेले, एकही तुटलेला नाही. सगळ्यांचं डोकं षटकोनी, आठ नंबरचं. काकांकडून गोटी पाना आणला आणि शेजारच्या पत्र्यावर स्वतः करून बघितलं. पाच स्क्रू, २ मिनिटं १० सेकंद. आवाज जवळपास नाही. चार वर्षं मी समोर एवढं मोठं कुलूप लावत होतो आणि मागची भिंत बाहेरून उघडता येत होती.

५ सप्टेंबर

आणि तरीही आज काय केलं? नवीन कुलूप आणलं. जाड, जड, जुन्याच्या तिप्पट पैशांचं. जुन्या कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता. त्याने काय वाईट केलं होतं? पण चोरी झाली की हात आपोआप कुलपाकडे जातो. ते लावून झाल्यावर जरा बरं वाटलं, हेही खरं.

संध्याकाळी पत्र्याचं काय करायचं ते ठरवलं. सगळे स्क्रू काढून तिथे आतून नट असलेले बोल्ट. खालच्या दोन ओळी आणि उभे जोड मिळून ५८ जागा. वरच्या ओळी तूर्त तशाच. शिडीशिवाय तिथे हात पोहोचत नाही. (शिडी खोलीमागेच आडवी पडलेली असते हे तेव्हा लक्षात आलं नाही. दोन दिवसांनी आलं. आता ती घरी आहे.)

६ सप्टेंबर

गुळगुळीत घुमटाकार डोक्याचे बोल्ट आणले. त्यांना बाहेरून पाना लागत नाही. डोक्याखाली चौकोनी मान असते, ती भोकात अडकते आणि आतून नट कसताना बोल्ट फिरत नाही. लाकडात. पातळ पत्र्यात ती मान अडकत नाही, बोल्ट नटाबरोबर गरागरा फिरतो. कानशीने भोक चौकोनी करून बघितलं, एका भोकाला ११ मिनिटं. ५८ गुणिले ११. कानस ठेवून दिली.

पॉप रिव्हेटचाही (बाहेरूनच दाबून बसवायचा पोकळ खिळा) विचार केला होता. तो बाहेरून ड्रिलने काही सेकंदांत निघतो, म्हणून सोडला.

वेल्डिंगवाल्याने सोपं सुचवलं. साधे षटकोनी डोक्याचे बोल्ट बाहेरून घालायचे, आतून मोठा वॉशर आणि नट पूर्ण कसायचा, मग बाहेरची डोकी ग्राइंडरने गोल घासून टाकायची. पाना धरायला काही उरत नाही. आतून नट आणि आट्यांवर वेल्डिंगचा एक टाका.

७ ते ९ सप्टेंबर

तीन दिवस गेले. पहिल्या दिवशी घाईत डोकी इतकी घासली की चारांची टोपीच उडाली आणि बोल्ट आत पडले. डोक्याचे कोपरे जातील एवढंच घासायचं. कडा गोल झाली की थांबायचं. घासलेल्या जागी रंग आणि जस्त दोन्ही जातात, म्हणून त्याच दिवशी प्रायमर लावा. मी दोन दिवसांनी लावला, तोवर प्रत्येक बोल्टाभोवती तांबूस कडं आलं होतं.

वाईट वाटलं ते वेल्डिंगवाल्याचं. टाके नटावर मारायचे होते, पण काही ठिकाणी पत्रा सैल होता म्हणून त्याने पत्राच अँगलला चिकटवला. पत्र्यावर जस्ताचा लेप. दार बंद, खिडकी बंद, आत पांढरा धूर. दुपारी मजेत होता, रात्री त्याला हुडहुडी भरून ताप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरला. डॉक्टरांना विचारल्यावर कळलं की जस्ताच्या धुराने हे असंच होतं, काही तासांनी थंडी वाजून येते. "भाऊ, मला वाटलं जेवणातून काही झालं," तो म्हणाला. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचंच असेल तर तेवढ्या जागेचा लेप आधी काढा आणि दार-खिडकी उघडी ठेवा. आम्ही दोघंही मूर्ख ठरलो. धूर बाहेर दिसला तर लोक बघतील म्हणून दार मीच लावून घेतलं होतं.

१२ सप्टेंबर

नंबर आणि खुणा. घरी शिल्लक असलेल्या प्रत्येक यंत्राचा क्रमांक वहीत, क्रमांकपट्टीचा जवळून फोटो आणि पूर्ण यंत्राचा एक फोटो. शिवाय पंच मारून प्रत्येकावर दोन ठिकाणी खूण. एक दिसेल अशी आणि एक कव्हर उघडल्याशिवाय दिसणार नाही अशी. पूर्ण काम ५० मिनिटांचं. या सगळ्या उद्योगात इतक्या कमी वेळात इतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला नाही, आणि हे चार वर्षांत कधीही करता आलं असतं.

२० सप्टेंबर

नवीन फवारणी पंप आणि ग्राइंडर आला. क्रमांक टिपले. पंप खोलीत ठेवला, ग्राइंडर घरी, कारण काम बाकी होतं. नशीब.

२३ सप्टेंबर

परत.

सकाळी काकांचा फोन: "अरे, तुझं दार वाकडं दिसतंय रे." गेलो. कुलूप लावलेलंच होतं. नवीन, जाड, तिप्पट पैशांचं. दार मात्र बिजागऱ्यांच्या बाजूने उघडलं होतं आणि कुलूपच बिजागरीसारखं वापरलं होतं. दार बाहेर उघडतं, म्हणजे बिजागऱ्या बाहेर. त्यांच्या खिळ्या खालून ठोकून वर काढल्या, दार पहारेने उचकटलं आणि कोयंड्यावर फिरवलं. पहार माझीच. खोलीमागे जोत्याला टेकवून ठेवलेली असायची. ती तिथेच टाकून गेले, तेवढा प्रामाणिकपणा दाखवला.

पहिल्या आणि दुसऱ्या चोरीत १९ दिवस. एकदा लुटलेल्या जागी चोर थोड्याच दिवसांत परत येतात ही गोष्ट पोलिसांनाही नवीन नव्हती. जागा माहीत झालेली असते, आणि मालकाने नवीन सामान आणलेलं असणार हा त्यांचा हिशेब बरोबर असतो. मी नवीन पंप तीन दिवसांपूर्वीच ठेवला होता.

या वेळी कशालाही हात लावला नाही. बाहेरूनच फोटो, पहारेवर टोपली पालथी घातली, तक्रार. पंपाचा क्रमांक, फोटो, खुणा सगळं पाच मिनिटांत दिलं. (पंप पुढे १५ नोव्हेंबरला मिळाला, एकाकडे विकलेला होता. वरचा क्रमांक खरवडला होता, कव्हरच्या आतली खूण तशीच होती.)

२४ सप्टेंबर

काका संध्याकाळी आले. त्यांचा सल्ला ठरलेला: "दाराला करंट सोड. एकदा बसला की जन्मात येणार नाहीत." बॅटरी आणि इन्व्हर्टर वापरून करता येईल असंही त्यांनी सुचवलं. मी नको म्हटलं. ते थोडे रागावले, म्हणून सविस्तर बोललो. काका, सकाळी दाराला पहिला हात माझा लागतो. नाहीतर तुमच्या नातवाचा, तो चेंडू आणायला येतो. कुणी मेलं तर चोर पंपाच्या चोरीत अडकेल आणि मी माणूस मारल्याच्या गुन्ह्यात. ते गप्प बसले. नातवाचं पटलं असावं. फास, खिळ्यांच्या फळ्या, दारामागे टांगलेलं वजन, सगळ्याला माझं उत्तर हेच.

२६ सप्टेंबर

बिजागऱ्या. खिळ्यांच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग केलं, आता त्या ठोकून निघत नाहीत. पण बिजागरी कापूनच टाकली तर? म्हणून दाराच्या बिजागरीकडच्या कडेला १६ मिलिमीटरच्या सळीचे दोन खुंट बसवले. दार लागलं की ते चौकटीतल्या भोकांत शिरतात. मग बिजागऱ्या गेल्या तरी दार त्या बाजूने सुटत नाही.

यात अर्धा दिवस गेला, तोही मूर्खपणाने. खुंट ४० मिलिमीटर लांब ठेवले. जितके लांब तितके भक्कम, हा विचार. दार लावायला गेलो तर खुंट भोकात जाण्याआधीच चौकटीच्या कडेवर आपटतो. दार सरळ आत सरकत नाही ना, ते फिरत येतं. खुंटाचं टोक कमानीत फिरतं आणि लांब असेल तर वाटेत अडतं. वेल्डिंगवाला हसत होता. कापून १५ मिलिमीटर केले, टोकं जरा तिरकी घासली, भोकं उभ्यापेक्षा आडवी थोडी रुंद केली. लागलं. नंतर पहार घालून बघितली, दार जेमतेम बोटभर हललं.

२९ सप्टेंबर

आता कोयंडा. आधीचा कोयंडा चार स्क्रूंवर होता आणि स्क्रूंची डोकी बाहेर. नवीन बसवला तो ६ मिलिमीटर जाड पट्टीचा, आरपार बोल्टांनी, आतून तळहाताएवढी पट्टी देऊन. डोकी घासून गोल.

बसवण्याआधी जुन्या कुलपावर प्रयोग केला. २४ इंची कटर लावला, दांडी काकडीसारखी तुटली. नवीन कुलपाच्या दांडीवर कटरने फक्त चरा पडला, उलट कटरच्या जबड्यालाच खाच गेली. ती दांडी कठीण पोलादाची आहे. मग त्याच जातीच्या एका सळीच्या तुकड्यावर ग्राइंडर धरला. ४५ सेकंद. बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलंही पोलाद कायमचं टिकत नाही. त्याला जागा मिळू द्यायची नाही, आणि वेळ लागेल तेवढ्यात आवाज होईल असं करायचं, इतकंच हातात आहे.

म्हणून कुलपावर पेटी. जाड पत्र्याची, खालून उघडी, कुलूप पूर्ण आत झाकलं जातं. ना कटरचे जबडे दांडीपर्यंत जातात, ना चकती.

पहिली पेटी इतकी घट्ट झाली की माझाच हात आत जाईना. चावी दोन बोटांत धरून वर ढकलावी लागे, भोक दिसत नाही, आणि चावी पडली की पडली. दुसरी दोन बोटं रुंद केली. चावीचं भोक खाली येईल असं कुलूप बसवा, पाणी आणि धूळ साचत नाही. आत तेल ओतू नका, धूळ चिकटून आठवड्यात गाळ होतो. ग्रॅफाइटची पूड घातली, छान चालतंय.

३ ऑक्टोबर

आत जड वस्तूंसाठी साखळी. जमिनीत फूटभर खड्डा, त्यात यू आकाराचा जाड गज, खाली पाय बाहेर वळवलेले, आणि काँक्रीट. दोन दिवसांनी धीर सुटला आणि पहार घालून ओढून बघितलं. गज फिरला. परत खोदा, परत भरा. काँक्रीटला निदान सात दिवस ओलं ठेवून सोडायचं असतं आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात, हे मला माहीत होतं. माहीत असून ओढलं. दुसऱ्यांदा पोतं टाकून रोज पाणी मारलं आणि १० दिवस तिकडे बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर

कॅमेरा. सिमवर चालणारा, सतत चालू राहणारा, मोबाइलवर थेट चित्र. सोबत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी आणि १० वॉटचं सौर पॅनल. विकणारा म्हणाला, आरामात चालेल.

पहिल्या रात्री चालला. दुसऱ्या रात्री ३ वाजता बंद. ढग असतील म्हटलं. तिसऱ्या रात्री १ वाजता. मग मीटर लावला, जो आधी लावायला हवा होता. कॅमेरा सरासरी ०.४ अँपिअर घेतो. २४ तासांचे ९.६ अँपिअर-तास. बॅटरी सातची. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर मरते, म्हणजे वापरण्याजोगे साडेतीनच. १० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ४० ते ५० वॉट-तास देईल, कॅमेरा मागतोय ११५. हिशेब पाच ओळींचा होता आणि मी तो पैसे दिल्यावर केला. बॅटरी तोवर फुगली नव्हती, पण अर्धी ताकद गेली.

तो कॅमेरा घरी लावला. खोलीवर आणला हालचाल झाली की जागा होणारा, एरवी झोपलेला, फोटो काढून पाठवणारा. तो लहान बॅटरीवर महिनोन्‌महिने चालतो.

१९ ऑक्टोबर

एका रात्रीत ५४ फोटो. ५४ पैकी ५१ कोळी. भिंगाजवळ जाळं विणलं होतं आणि अंधारात कॅमेऱ्याचा अवरक्त प्रकाश त्यावर पडून सगळं पांढरं. उरलेले तीन मांजराचे. दर आठवड्याला भिंगाभोवती कोरडा ब्रश फिरवणं हे आता ठरलेलं काम.

दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे जागा. आधी कॅमेरा दाराच्या समोरून पायवाटेकडे तोंड करून होता. हालचाल ओळखणारा सेन्सर आडव्या जाणाऱ्या माणसाला लवकर टिपतो आणि थेट अंगावर चालत येणाऱ्याला उशिरा. तो आता वाटेला आडवा बघतो. दुसरं, दिव्याची जात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त दिव्यांचा कॅमेरा अंधारात लांबवर बघतो, पण दिवे मंद लाल चमकतात, समोरच्याला ते कळतं. ९४० वाले दिसत नाहीत, पण पल्ला कमी. खोलीच्या समोर १० मीटरच बघायचं असल्यामुळे मी ९४० घेतला.

दुपारी पत्रा तापल्यावर सेन्सर जवळपास आंधळा होतो. हवा आणि अंग यांच्या उष्णतेत फरकच उरत नाही. चोर दुपारी येत नाहीत असं गृहीत धरून सोडून दिलं.

२७ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर

भोंगा आणि फोन. हे मी घरीच जुळवलं, आणि १० संध्याकाळी त्यात गेल्या. तयार घेतलं असतं तर पैसे थोडे जास्त गेले असते, झोप वाचली असती.

कल्पना साधी. दाराला चुंबकाचा स्विच, पत्र्यांच्या आतून एक बारीक तार सगळीकडे फिरवलेली. दोन्ही मिळून एक बंद वर्तुळ. दार उघडलं किंवा तार तुटली की वर्तुळ तुटतं, भोंगा वाजतो आणि सिम-८००-एल नावाचं छोटं मॉड्यूल मला आणि काकांना फोन लावतं. तार कापली तरी वाजतं, म्हणून वर्तुळ बंद ठेवायचं. उलटं जोडलं तर तार कापणाऱ्याचं काम सोपं.

काय काय बिघडलं ते सांगतो. मॉड्यूल चालू होई, सिग्नल दाखवी, आणि फोन लावायला गेलं की बंद पडून परत सुरू. तीन रात्री प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक वीजपुरवठ्यात होती. हे मॉड्यूल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालतं आणि फोन लावताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. माझ्या केसाएवढ्या तारांत तेवढ्यात व्होल्टेज कोसळायचं. ४ व्होल्टवर लावलेला कन्व्हर्टर, आखूड जाड तारा आणि मॉड्यूलच्या पायाशीच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (क्षणभर लागणारी वीज साठवून ठेवणारा). पुढच्या मिनिटाला फोन वाजला. घेण्याआधी एक बघा: हे टू-जीवरच चालतं, आणि बऱ्याच ठिकाणी टू-जी बंद झालं आहे.

चुंबक लोखंडी दारावर थेट लावला तर लोखंड त्याचं क्षेत्र गिळतं. डब्यावर २० मिलिमीटर लिहिलं होतं, प्रत्यक्षात सहावरच सुटायचं. वाऱ्याने दार थरथरलं की भोंगा. सलग तीन रात्री काका उठले. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याशी बोलताना चष्मा काढला नाही, वर्तमानपत्रातूनच बोलले. चुंबक आणि स्विच दोन्हींखाली लाकडाचे ठोकळे दिले आणि दाराच्या कडेला रबर लावलं. थरथर थांबली.

१६ नोव्हेंबर

रात्री ११ ला फोन. गेलो, बरोबर चुलतभाऊ. कुणी नाही. तार उंदराने कुरतडलेली. म्हणजे यंत्रणा चालते, एवढं तरी कळलं. तार आता लवचीक लोखंडी नळीत.

१८ नोव्हेंबर

भोंग्याची खरी परीक्षा. मी खोलीवर, चुलतभाऊ काकांच्या घरात खिडक्या लावून. मी वाजवला, माझे कान बधिर. त्याला पुसट ऐकू आलं, तेही लक्ष देऊन बसला होता म्हणून. ३०० मीटरवर झोपलेला माणूस त्याने उठणार नाही. काकांना जागं करतो तो फोन. भोंगा चोराच्या कानासाठी. म्हणून एक भोंगा खोलीच्या आत ठेवला, तिथे उभं राहवत नाही, आणि बाहेरचा उंचावर, त्याची तार भिंतीच्या आतून.

त्याच दिवशी कोणी काय करायचं हे ठरवलं. काकांनी घरातले आणि अंगणातले दिवे लावायचे, गाडीचा हॉर्न वाजवायचा, पोलिसांना फोन करायचा. खोलीकडे यायचं नाही. मी आणि चुलतभाऊ निघायचं, पण काकांच्या घरापर्यंतच. पंपासाठी कुणी कुऱ्हाडीसमोर जायचं नाही. काकांना हे फारसं आवडलं नाही, त्यांच्याकडे काठी आहे.

दोन आठवड्यांनी सिम बंद पडलं, रिचार्ज संपला होता. आता दर महिन्याच्या १ तारखेला दार मुद्दाम उघडून फोन येतो का बघतो.

१७ डिसेंबर

रात्री २:४० ला फोन. कॅमेऱ्याचे सात फोटो, पहिला २:३४ चा, शेवटचा २:४१ चा. दोघं, तोंडं बांधलेली. एकाच्या हातात कटर. एका फोटोत तो गुडघ्यावर बसून पेटीखाली मान घालून बघतोय, अगदी मी चावी शोधताना बसायचो तसा. मग पहार, या वेळी त्यांनी स्वतःची आणली होती. पेटीच्या कडेला घातली आणि दार ओढलं. दार बोटभर हललं, स्विच सुटला, भोंगा. पुढच्या फोटोत पाठी. काकांचा हॉर्न मला वाटेतच ऐकू येत होता, आणि नंतरही बराच वेळ, थांबवा सांगेपर्यंत.

पोलीस सकाळी येऊन बघून गेले, फोटो घेऊन गेले. आतलं एकही सामान गेलं नाही. मागच्या पत्र्यावर एक बोल्ट चिमट्याने धरायचा प्रयत्न केल्याच्या खुणा होत्या, रंग खरवडला होता एवढंच.

१८ डिसेंबर

दार उघडेना. पहारेने पेटीची कड आत दाबली गेली होती आणि कुलूप तिरकं अडकलं होतं. चावी अर्धीच जाते. पेटी सरळ करावी तर हातोडा मारायला जागा नाही, पेटी बनवली होती त्याच कारणासाठी. खुंटांमुळे बिजागरीकडून दार निघत नाही. मागचे बोल्ट बाहेरून निघत नाहीत. काका खुर्ची घेऊन बसले होते. "आता कसं जाशील आत?"

घरून ग्राइंडर आणला. पेटीची एक बाजू कापली, मग कुलपाच्या दांडीला पोहोचायला तिरका धरून, ठिणग्या अंगावर घेत. ४० मिनिटं, दोन चकत्या, एक पूर्ण बॅटरी. दांडी जेमतेम अर्धी कापली गेली होती तेव्हा दुसरी चकती संपली. नवीन चकत्यांचं पाकीट खोलीत, डावीकडच्या फळीवर.